मंगळाचा रकाना

मी लिहायला बसलोय, याबद्दल आधी माफी मागतो. लिहिणं हे आमच्या घरातलं काम नव्हे. आमच्याकडे जाळी विणतात, मासळी निवडतात, सुकवतात, विकतात. वडिलांनी आयुष्यात जे काही लिहिलं ते रेशनकार्डाच्या अर्जावरच्या सहीपुरतं. ठाण्याच्या खाडीकाठी आमचा कोळीवाडा, आणि आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. चार ओळी नीट जमतात म्हणून त्या कोणी वाचाव्यात, असं मानायचा मला काय अधिकार? ठाऊक नाही. पण ही गोष्ट मी अजून कोणालाही सांगितलेली नाही — आईला नाही, कॉलेजातल्या मित्रांना नाही. तोंडाने सांगायला गेलो तर मध्येच विषय बदलेन, इतकं मी स्वतःला ओळखतो. म्हणून कागद घेतला.

आणखी एक आधीच सांगतो. कबुली द्यायची तर माणसाने मान खाली घालून सुरुवात करावी. मला ते जमत नाहीये. कारण ज्या गोष्टीपायी हे सगळं झालं, तिचा मला अभिमान होता. खरं सांगू? अजून आहे. लिहितानाही आहे. तो बाजूला ठेवून लिहिलं असतं तर ही आणखी एक थाप झाली असती.

सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णवच्या सुमाराची गोष्ट. मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. आमच्या सरांच्या ओळखीच्या एक बाई डोंबिवली पूर्वेला राहायच्या. शाळेच्या मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या, आणि घराच्या पुढच्या खोलीत वधू-वर सूचक मंडळ चालवणाऱ्या. सगळे त्यांना बाईच म्हणत, मीही. खोलीत कार्डांच्या लाकडी पेट्या होत्या. मुलींची कार्डं पिवळी, मुलांची पांढरी. रविवारी सकाळी आईवडील यायचे, दारात चपलांचा ढीग व्हायचा, आणि आत नुसता कार्डं चाळल्याचा आवाज. परदेशात असलेल्या मुलाने बाईंना कॉम्प्युटर घेऊन दिला होता. त्याच्यावर भरतकाम केलेला रुमाल होता. कॉम्प्युटर मात्र बंदच.

त्याच मुलाने आईला कळवलं होतं की तिकडच्या मराठी मंडळींनी इंटरनेटवर लग्नाच्या स्थळांची पानं काढली आहेत. तिकडे नोकरी करणारी मुलं, आणि त्यांनी इथल्या आपापल्या बहिणी-भाच्यांची घातलेली नावं. दर महिन्याला पानं बदलायची. बाईंना ती स्थळं आपल्या पेटीत हवी होती. "एवढं टाइप कोण करणार?" हा त्यांचा प्रश्न होता, आणि सरांनी त्याला उत्तर म्हणून मला पाठवलेलं.

टाइप मी करणारच नव्हतो.

टेंभी नाक्याजवळ तेव्हा एक सायबर कॅफे नुकताच निघालेला. तिथे बसून मी ती पानं एकेक करून फ्लॉपीवर उतरवायचो आणि फ्लॉपी शर्टाच्या खिशात घालून डोंबिवलीला न्यायचो. पान बाहेरून दिसतं तसं आतून नसतं, हे मी तिथे पहिल्यांदा पाहिलं. आत नुसते टोकदार कंस. ओळ सुरू झाली — कंस. रकाना सुरू झाला — कंस. रकाना संपला — कंस. आणि त्या कंसांच्या जंगलात कुठेतरी एका मुलीचं नाव, उंची, शिक्षण. मी व्हिज्युअल बेसिकमध्ये एक प्रोग्राम लिहिला. तो ती फाइल उघडायचा, एकेक अक्षर पुढे जायचा, कंस दिसला की टाकून द्यायचा, मधलं नेमकं उचलायचा आणि बाईंच्या कॉम्प्युटरवर मी बनवलेल्या डेटाबेसमध्ये ज्याच्या त्याच्या जागी ठेवायचा. नाव नावाखाली, गोत्र गोत्राखाली, मंगळ मंगळाखाली. शिकवणारं कोणी नव्हतं. एक जाड इंग्रजी पुस्तक होतं, आणि त्याची झेरॉक्स.

पहिल्यांदा तो नीट चालला तो रविवार मी विसरणार नाही. मी बटण दाबलं, आणि बाईंचा चहा निवायच्या आत दीडशेच्या वर स्थळं पेटीत — म्हणजे त्या नव्या पेटीत — जाऊन बसली. खोलीतली सगळी माणसं माझ्या पाठीशी येऊन उभी राहिली. बाई म्हणाल्या, "हा आमचा मुलगा. ठाण्याचा. कोळीवाड्यातला, बरं का." त्या 'बरं का'मध्ये नक्की काय होतं ते मी नंतर पुष्कळदा तपासलं. तेव्हा मात्र छाती फुगली, इतकंच आठवतं. आईने तर बाजारात बसल्याबसल्या शेजारणींना सांगितलं, "माजा पोऱ्या कांपुटरवर लग्ना लावतंय." अशी माझी कीर्ती.

आता सुलभाताईंबद्दल लिहायला हवं. मघापासून टाळतोय.

सुलभाताई कोपरला राहायच्या. पन्नाशीच्या, सडपातळ, चष्मा दोरीला बांधून गळ्यात टाकलेला. मंडळ सुरू झालं तेव्हापासूनची प्रत्येक चिठ्ठी, प्रत्येक कार्ड त्यांच्या हातचं. अक्षर असं की लोक नुसतं कार्ड बघून म्हणायचे, घराणं चांगलं दिसतंय. त्या हसून म्हणायच्या, "घराण्याचं माहीत नाही, शाई चांगली आहे." माझा डेटाबेस आला तरी कार्डं काही गेली नाहीत. पालकांना हातात कार्ड हवं असायचं. स्क्रीनपुढे बसायला ते बिचकायचे. म्हणून मी पानं आत घ्यायचो, आणि सुलभाताई स्क्रीनवर बघून पिवळी-पांढरी कार्डं लिहायच्या. मी आलो की विचारायच्या, "काय रे, तुझं मशीन आज जेवलंय का? की माझ्यासारखं चहावरच?"

त्यांना सोडे, म्हणजे सोलून सुकवलेली कोलंबी, फार आवडायचे. बाईंचं घर शाकाहारी. त्यामुळे आमचा व्यवहार चोरीचा — आईने दिलेले सोडे मी तीन पिशव्यांत गुंडाळून न्यायचो आणि त्या आपल्या पर्समध्ये तळाशी दडपायच्या. "बाईंच्या नाकाला कळलं तर दोघांनाही घालवतील," म्हणायच्या. कार्डं लिहिताना मध्येच थांबून मला बोलवायच्या, "हा एम.एस. म्हणजे डॉक्टर की इंजिनियर रे?" आणि मी सांगितलं की, "तुला सगळं कसं माहीत असतं?" त्या कौतुकात कधीच 'बरं का' नव्हतं. हे मला तेव्हाही कळत होतं — हेही लिहून ठेवतो.

सात-आठ महिने सगळं छान चाललं. मग एका रविवारी वर्तकनगरचे एक काका आले. त्यांचा मुलगा अमेरिकेत होता, त्याने बहिणीचं नाव त्या पानावर घातलेलं. तिचं नाव मी बदलून मेधा म्हणतो. ते बसलेही नाहीत. म्हणाले, "बाई, आठ महिने झाले. एक फोन नाही. माझ्या मुलीत काय कमी आहे ते तरी सांगा."

बाईंनी पिवळं कार्ड काढलं. "कमी काही नाही हो. कडक मंगळ आहे ना, मग मंगळाचीच स्थळं बघावी लागतात. वेळ लागणारच."

"मंगळ? कोणाला मंगळ?"

त्यांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला. मुलाने तिकडून पाठवलेली, त्याच पानाची छापील प्रत. मेधाच्या ओळीत मंगळाचा रकाना कोरा होता. मंगळ नव्हताच, म्हणून मुलाने काही लिहिलंच नव्हतं. कार्डावर मात्र सुलभाताईंच्या सुरेख अक्षरांत — मंगळ : कडक. आठ महिने ज्यांनी ज्यांनी ते कार्ड उचललं असेल त्यांनी तिथपर्यंत वाचलं असेल आणि खाली ठेवलं असेल. कोण कशाला फोन करेल?

"मी मनाने नाही लिहीत हो," सुलभाताई म्हणाल्या. "कॉम्प्युटरवर बघूनच लिहिते. बघ रे, तुझ्यात काय आहे ते."

कॉम्प्युटर खिडकीपाशी होता, स्क्रीन माझ्याकडे. बाकीची खोली त्याच्या पाठीकडे. मी मेधाचं नाव घातलं. ओळ आली.

मंगळाच्या रकान्यात 'कडक' होतं.

आणि मला कळलं — लगेच, सगळंच. ज्याने प्रोग्राम लिहिलेला असतो त्याला चूक शोधावी लागत नाही, ती स्वतःहून समोर येऊन उभी राहते. रकान्यात काही लिहिलेलं असलं की माझा प्रोग्राम ते उचलून हातात धरायचा आणि जागेवर ठेवायचा. रकाना कोरा असला की उचलायला काही नाही, म्हणून तो पुढे जायचा — पण हातात आधीचं तसंच असायचं. तेच ठेवून द्यायचा. वरच्या ओळीतल्या मुलीचा मंगळ खालच्या ओळीतल्या मुलीला. माझी आई, जी शाळेत गेलेली नाही, ती बोंबील उपसून झाले की टोपली झटकते आणि मगच त्यात कोलंबी टाकते. मी झटकायचं विसरलो होतो. प्रोग्रामात एका ओळीचं काम.

तेव्हा मी काय केलं?

एक बोट पुढे केलं आणि तो शब्द पुसला. 'कडक' गेलं, रकाना कोरा झाला. मग मी स्क्रीन खोलीकडे वळवला आणि म्हणालो, "कोरंच आहे, ताई."

हे असं एका वाक्यात लिहून झालं. तेव्हाही एवढाच वेळ लागला होता. कोणी मला धमकावलं नव्हतं. विचार करायला वेळच मिळाला नाही, असंही म्हणवत नाही, कारण पुसण्याआधी मी दाराकडे, मग बाईंकडे आणि मग सुलभाताईंकडे पाहिलं होतं, आणि ते मला क्रमाने आठवतं. खरं सांगितलं असतं तर काय झालं असतं? बाई रागावल्या असत्या. काका दोन शब्द बोलले असते. मी ती ओळ दुरुस्त केली असती. एवढंच.

सुलभाताईंनी चष्मा लावला, वाकून स्क्रीन बघितला. पुष्कळ वेळ बघितला. मग कार्ड बघितलं. मग अंगठ्याने त्या शब्दावर घासलं, जणू शाई खरवडून निघेल. "म्हणजे मीच," त्या म्हणाल्या. 

मी त्यांना 'ताई' म्हणालो होतो. ते मला नंतर जास्त लागलं.

घरी येऊन मी प्रोग्रामची ती ओळ कागदावर लिहिली. प्रोग्राम पुन्हा सगळ्या पानांवर चालवायचा तर जुन्या फ्लॉप्या काढाव्या लागणार. त्या काढल्या, कॉलेजच्या कॉम्प्युटरवर सगळं तपासलं. कोरे रकाने चौदा निघाले. बहुतेकांच्या वरच्या ओळीत 'नाही' असल्यामुळे काही बिघडलं नव्हतं. पण मेधाखेरीज आणखी दोन मुली होत्या — कार्डावर मंगळ, पत्रिकेत नाही. त्यांची कार्डं अजून पेटीत होती आणि लोक ती वाचून खाली ठेवत होते.

त्या दोघींचं काय करायचं? गप्प बसलो असतो तर त्यांचं नुकसान चालू राहिलं असतं. तेवढा वाईट मी नव्हतो. तेवढा चांगलाही नव्हतो की बाईंना जाऊन सगळं सांगेन. मी पुढच्या रविवारी डेटाबेसमधले ते दोन शब्दही पुसले आणि म्हणालो, "बाई, मी सगळी कार्डं ताडून बघितली. अजून दोन ठिकाणी तसंच झालंय."

बाईंनी माझं कौतुक केलं. कोणी न सांगता कार्डं तपासली म्हणून. आलेल्या पालकांनाही सांगितलं, "मशीन चुकत नाही हो, माणूस चुकतो." मी तिथेच उभा होतो. आणि तुम्हाला सांगायला लाज वाटते, पण ते ऐकताना मला बरं वाटलं — माझा प्रोग्राम चुकत नाही, हे ऐकून. अपराधी वाटत होतंच, पण बरंही वाटलं. दोन्ही एकाच वेळी होऊ शकतं, हे मला त्या दिवसापर्यंत माहीत नव्हतं.

एक चूक कोणाच्याही हातून होते. तिन्ही एकाच रकान्यातल्या म्हटल्यावर ती सवय ठरते. बाईंनी सुलभाताईंना काढलं वगैरे नाही. त्या तशा नव्हत्या. म्हणाल्या, "सुलभा, आता कार्डं छापूनच घेऊ या. तुझ्या डोळ्यांना कशाला त्रास?" छापायचा प्रोग्रामही मीच लिहिला. तोही छान झाला — कार्डावर आडवी रेघ, खाली मंडळाचं नाव, सगळं जागच्या जागी. सुलभाताई त्यानंतर दोन रविवार आल्या. लिहायला काही नव्हतं म्हणून पेट्या पुसत बसल्या, छापलेली कार्डं अक्षरक्रमाने लावत बसल्या. एकदा मला म्हणाल्या, "अरे, तू तेव्हा वेळेवर पकडलंस म्हणून बरं. नाहीतर अजून किती पोरींचं वाटोळं केलं असतं मी." मी पुढची कार्डं छापायला घेतली. 

तिसऱ्या रविवारी त्या आल्या नाहीत. माझ्या पिशवीत सोडे होते. ते मी तसेच परत घरी आणले. आईने पिशव्या सोडल्या, वास घेतला, चांगले होते. "का रं, ती बाय नव्हती का आली?" म्हणाली. "नाही," म्हणालो. "मंग पुढल्या टायमाला ने." पुढचा टाइम आलाच नाही. कोपर म्हणजे डोंबिवलीच्या शेजारीच. मला कधीही जाता आलं असतं.

त्यानंतर माझं सगळं चांगलंच होत गेलं. एम.सी.ए.च्या मुलाखतीत मला विचारलं, स्वतःहून काही केलंय का? मी हा प्रोग्राम सांगितला — वेब पानावरची माहिती डेस्कटॉपवरच्या डेटाबेसमध्ये आपोआप आणणारा. पलीकडचे तिघेही पुढे सरकून बसले. एकाने विचारलं, "रकाना रिकामा असेल तर काय करता?" मी क्षणभरही न अडखळता उत्तर दिलं. बरोबर उत्तर. त्यांनी माना डोलावल्या, आणि मला प्रवेश मिळाला. कोळीवाड्यात पहिला. वडिलांनी त्या दिवशी होडी बाहेर काढली नाही. माझ्या नोकरीच्या अर्जात आजही ती ओळ असते: मंडळाचं हाताने होणारं काम पूर्णपणे संगणकावर आणलं. ओळ खरी आहे. वाचताना अजूनही छान वाटतं. कसं आणलं, ते तेवढं अर्जात विचारत नाहीत.

बाईंकडे जाणं मी सोडलं नाही. महिन्यातून एखादा रविवार जायचो, नवी पानं आत घ्यायचो. त्या प्रकाराला दीडेक वर्ष झालं असेल, वर्तकनगरचे काका पुन्हा आले. या वेळी हातात पेढ्यांचा पुडा. मंडळाचा तसा रिवाज आहे — मुलीचं ठरलं की घरचे पेढे घेऊन नाव काढून टाकायला येतात. बाईंनी मला सांगितलं, "काढ रे मेधाचं." मी ओळ शोधली, पुसली. पूर्ण ओळ. बाईंनी विचारलं, स्थळ कुठून आलं, आमच्याकडून तर गेलेलं नाही? काका चकित झाले. तुम्हाला ठाऊकच नाही का, म्हणाले, आणि खुर्चीवर बसून सांगायला लागले.

त्यांचं सांगून झालं. बोलायची तेव्हा पुन्हा एकदा संधी होती, आणि मी पुन्हा बोललो नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण यानंतरचे शब्द माझे नाहीत, आणि त्यांच्यापुढे मला काही जोडायचं नाही. काका म्हणाले ते असं:

"अहो, तुमच्या सुलभाताईंनीच जमवलं. त्या प्रकारानंतर महिन्याभरात आल्या आमच्याकडे, पत्ता शोधत. मला वाटलं मला भेटायला आल्यात. तर नाही, मेधाला बाहेर बोलावलं आणि माझ्या पोरीपुढे हात जोडले. म्हणाल्या, तुझे आठ महिने माझ्या हाताने खाल्ले. पोरगी रडायलाच लागली. मग वर्षभर फिरल्या हो तिच्यासाठी, या घरातून त्या घरात, दर आठवड्याला. हे स्थळ त्यांनीच आणलं, सोन्यासारखं आहे. फक्त एक आहे — मुलाकडचा पत्ता द्यायचा होता, तर मी कागद-पेन पुढे केलं. त्यांनी हात मागे घेतला. म्हणाल्या, मी सांगते, लिहून तुम्हीच घ्या. माझ्या लिहिण्याचा आता भरवसा नाही."